साथीविना ओबो : एकट्या सुषिरवाद्याची रचना आणि सनईचा सूर

प्रास्ताविक

संगीताच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ‘एकलवादन’ ही संज्ञा इतकी रूढ झाली आहे की तिच्यातील ‘एकल’ या पदाचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. सतारीचे एकलवादन म्हणजे सतार, तबला आणि तंबोरा. सनईचे एकलवादन म्हणजे मुख्य सनई, सूर धरणारी दुसरी सनई आणि तालवाद्य. रंगमंचावर किमान तीन माणसे बसलेली असतात आणि तरीही ते वादन एकल ठरते. येथे ‘एकल’ याचा अर्थ ‘एकटा’ असा नसून ‘प्रमुख’ असा आहे. पाश्चात्त्य संगीतात मात्र अशी एक रचनाजाती आहे की जिच्यात खरोखरच एकच वादक, एकच वाद्य आणि भोवतालची शांतता एवढेच असते. ना आधारस्वर, ना ठेका, ना दुसऱ्या वाद्याची सावली. ओबो या वाद्यासाठी अशा साथविरहित रचना झालेल्या आहेत.

ओबो हे सनईच्या कुळातील वाद्य आहे. दोन्हींचा ध्वनी वेताच्या किंवा बोरूच्या जातीच्या वनस्पतीपासून केलेल्या दुहेरी पत्तीतून निघतो, दोन्हींची नळी वरून खाली रुंद होत जाते. ही बहीण-वाद्ये असूनही एकीच्या वाट्याला साथीविना रचना आल्या आणि दुसरीच्या वाट्याला आल्या नाहीत, असे का झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सनई दुय्यम दर्जाचे वाद्य होते, किंवा तिच्या वादकांना रचनेची दृष्टी नव्हती, असे त्याचे सोपे उत्तर अधूनमधून ऐकू येते. ते टिकणारे नाही. खरे उत्तर ‘सूर’ या एका शब्दात दडलेले आहे, असे दोन्ही परंपरांचा इतिहास शेजारी ठेवून पाहिल्यास दिसून येते. नागपूर आणि विदर्भाच्या सांस्कृतिक इतिहासाशीही या प्रश्नाचा निकटचा संबंध आहे.

देवगिरीचा ‘शुष्क’ वाद्यविचार

वाद्य एकटे वाजू शकते काय आणि वाजले तर त्याला काही अर्थ असतो काय, हा प्रश्न भारतीय शास्त्रकारांना अपरिचित नव्हता. भरताच्या नाट्यशास्त्रातील पाचव्या अध्यायात पूर्वरंगाच्या वर्णनात ‘निर्गीत’ नावाच्या प्रकाराची कथा येते. सार्थ शब्दांविना केलेले हे वाद्यप्रधान संगीत दैत्यांना व राक्षसांना फार आवडले, देव मात्र रुसले, तेव्हा नारदाने तोडगा काढला आणि त्याला ‘बहिर्गीत’ असेही नाव मिळाले, असा तिचा आशय आहे. कथेचा पौराणिक वेष दूर केला की आतील प्रश्न अगदी नेमका आहे. शब्द नसलेल्या संगीताने कोणाचे समाधान व्हावे, आणि त्याला संगीतसभेत कोणते स्थान द्यावे?

या प्रश्नाला पारिभाषिक रूप मिळाले ते मराठी मुलखात. यादव राजा सिंघण याच्या कारकिर्दीत, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, देवगिरी येथे शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते आणि तो स्वतः राजदरबारात लेखाधिकारी होता. सात अध्यायांच्या या ग्रंथातील सहावा अध्याय वाद्यांचा आहे. वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन हे चार प्रकार सर्वपरिचित आहेत. मात्र शार्ङ्गदेव वापराच्या दृष्टीनेही वाद्यवादनाचे चार भेद करतो : शुष्क, गीतानुग, नृत्तानुग आणि गीत व नृत्त या दोहोंना अनुसरणारे. गीत व नृत्त यांच्याविना जे वाद्य वाजते ते शुष्क, आणि त्यालाच गोष्ठी असेही म्हटले आहे. ‘शुष्क’ या शब्दात थोडी निंदेची छटा आहे, असे कोणाला वाटेल. परंतु उर्वरित तीन भेदांची नावे ‘अनुग’ या पदाने, म्हणजे मागून चालण्याच्या कल्पनेने बनली आहेत, हे लक्षात घेतले की शुष्क वाद्याचे वेगळेपण उठून दिसते. ते कोणाच्याही मागे चालत नाही.

याच अध्यायात सुषिरवाद्यांमध्ये वंश, मुरली, काहला, शृंग, शंख यांच्याबरोबर ‘मधुकरी’ नावाचे एक वाद्य वर्णिलेले आहे. लाकडाची किंवा शिंगाची नळी, तिला सूरांची छिद्रे आणि तोंडाशी बसवलेली मऊ केलेली पत्ती, असे तिचे रूप आहे. अनेक अभ्यासकांनी तिच्यात सनईची पूर्वज पाहिली आहे. हे मान्य केल्यास, पत्तीच्या वाद्याचे एक जुने शास्त्रीय वर्णन आणि एकट्या वाद्याची एक जुनी व्याख्या, दोन्ही एकाच मराठी राजधानीत, एकाच ग्रंथात, काही पानांच्या अंतरावर लिहिली गेली असे म्हणावे लागते. विदर्भही या यादव सत्तेपासून दूर नव्हता. त्याच वंशातील रामचंद्राच्या काळाचा शिलालेख रामटेकच्या लक्ष्मण मंदिरात आहे. तरीही मधुकरी आणि शुष्क वादन यांची गाठ पडली नाही. ती का पडली नाही, हे समजण्यासाठी सनई प्रत्यक्षात कोठे वाजत होती, ते पाहावे लागते.

नौबत आणि नगारखाना

सनई हा शब्द सुरनाई, शहनाई या फारसी कुळाचा आहे, आणि शब्दाबरोबर एक संस्थाही आली. ती म्हणजे नौबत. अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या नक्कारखान्याचे वर्णन केले आहे. त्यात सुरना हे वाद्य इराणी व हिंदुस्थानी अशा दोन्ही घडणींचे असून नऊ सुरना एकत्र वाजवल्या जात, असे तो नोंदवतो. भोवती नगारे, ढोल, कर्णे, झांजा यांचा समुदाय असे. नौबत हा सत्तेचा घोष होता. तो वाजवण्याचा अधिकार राजाकडून मिळत असे आणि दिवसाच्या ठरलेल्या प्रहरी दरवाजावरच्या माडीतून तो शहरभर ऐकू जावा, अशी अपेक्षा असे. अशा ठिकाणी एकट्या सनईला प्रयोजनच नव्हते. मोकळ्या हवेत दूरवर जाणारा नाद आणि न तुटणारा नाद, या दोन गरजांनी या वाद्याचे वादनतंत्र घडवले.

नागपूर पहिल्या रघुजी भोसल्यांच्या काळापासून भोसल्यांची राजधानी झाले. राजधानीबरोबर वाडा, आणि वाड्याबरोबर नगारखाना येणे ओघानेच होते. शहराच्या महाल भागात नगारखान्याचे नाव आजही परिचित आहे. 11 डिसेंबर 1853 रोजी तिसऱ्या रघुजींचे निधन झाले, 1854 मध्ये राज्य खालसा झाले, आणि त्याबरोबर नौबतीचा राजकीय अर्थ संपला. उरला तो मंगल अर्थ. सनई लग्नमंडपात, देवळाच्या दारात आणि सणवारी वाजत राहिली. राजसत्तेचे वाद्य असे गृहस्थाच्या दारी आले, पण येथेही ते समूहाचेच राहिले. चौघड्याविना सनई मराठी माणसाच्या बोलण्यातसुद्धा येत नाही. ‘सनई-चौघडा’ हा एकच शब्द असल्यासारखा वापरला जातो. विदर्भाच्या खेड्यांत चौघड्याची जागा डफड्याने घेतली, एवढाच फरक.

येथे एका सामाजिक गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ 1916 मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी जिल्ह्यांतील मांग समाजाचा उल्लेख त्यात गावचे वाजंत्री म्हणून येतो. वसाहतकालीन अशा ग्रंथांतून वाद्याची, जातीची आणि प्रसंगाची नोंद सापडते, वादकाच्या नावाची सापडत नाही. रचना म्हटली की रचनाकाराचे नाव आले. ज्याचे नाव लिहिण्याची गरज समाजाला वाटत नव्हती, त्याच्या वादनाला रचना म्हणून ओळखण्याची शक्यताही अर्थातच नव्हती. सनईसाठी ‘रचना’ झाल्या नाहीत असे म्हणण्यापेक्षा, झालेल्या रचनांना कोणी रचना म्हटले नाही असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

याच काळात नागपूरजवळ दुसरी एक वाद्यपरंपरा येऊन पोहोचली होती. कामठीची लष्करी छावणी 1821 मध्ये वसली, आणि छावण्यांच्या बँडबरोबर युरोपीय सुषिरवाद्ये देशभरात परिचित झाली. क्लॅरिनेट आणि कॉर्नेट पुढे लग्नाच्या बँडमध्ये सर्रास शिरली. ओबो शिरला नाही. त्याची पत्ती नाजूक, चाव्यांची यंत्रणा गुंतागुंतीची आणि महाग, ही कारणे उघड आहेत. पण दुहेरी पत्तीच्या आवाजाची जागा सनईने आधीच व्यापलेली होती, हेही एक कारण असावे. बहिणीला बहिणीच्या घरात जागा मिळाली नाही, असा हा प्रकार.

सूर धरणारा

सनईच्या ताफ्यात एक वादक असा असतो की जो संपूर्ण वादनभर एकच स्वर वाजवतो. त्याच्या सनईला ‘सूर’ असेच म्हणतात. गालात हवा साठवून ती पत्तीत सोडत असतानाच नाकाने नवा श्वास घ्यायचा, या तंत्राने तो षड्ज तुटू देत नाही. मुख्य वादक थांबतो, श्वास घेतो, पत्ती ओली करतो, पुन्हा सुरू करतो. सूर धरणाऱ्याला थांबण्याची मुभा नाही. श्रोत्यांच्या दृष्टीने तो जवळजवळ अदृश्य असतो. मुख्य वादकाचे कौतुक होते, तबलजीला दाद मिळते, सूर धरणाऱ्याला कोणी दाद दिल्याचे क्वचितच दिसते.

परंतु रागसंगीताची सारी इमारत त्याच्यावर उभी असते. भूप रागाचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. सा, रे, ग, प, ध हे त्याचे पाच स्वर. हेच पाच स्वर तसेच ठेवून षड्जाची जागा तेवढी बदलली तर मूर्च्छनाभेदाने निराळेच राग दिसू लागतात. गंधाराला षड्ज मानले की मालकंस, पंचमाला मानले की दुर्गा, धैवताला मानले की धानी, आणि ऋषभाला मानले की मेघ किंवा मधमाद सारंगाचा स्वरसमूह. म्हणजे वादक जे स्वर वाजवतो त्यांनी राग ठरत नाही. ते स्वर कोणत्या स्थिर स्वराच्या संदर्भात ऐकले जातात, त्याने तो ठरतो. तो संदर्भ देण्याचे काम सूर धरणारा करतो. त्याला उठवून लावले तर मुख्य वादक एकटा पडतोच, शिवाय त्याने वाजवलेल्या स्वरांची ओळखही डळमळीत होते. सनईला साथीविना रचना का मिळाली नाही, याचे संगीतशास्त्रीय कारण येथे आहे. तिच्या संगीतात सूर ही साथ नव्हतीच, तो संगीताचाच भाग होता.

विसाव्या शतकात सनई नगारखान्यातून मैफलीत आली, तेव्हाही ही व्यवस्था बदलली नाही. पुण्याच्या शंकरराव गायकवाडांनी ध्वनिमुद्रिकांवर सनई आणली. 78 फेऱ्यांच्या तबकडीने एका बाजूला सुमारे तीन मिनिटांची मर्यादा घातली आणि त्या मर्यादेत राग उभा करणे, फुलवणे व संपवणे भाग पडले. हे एका अर्थी रचनेचेच शिक्षण होते. प्रहरभर वाजणाऱ्या वाद्याला आरंभ, मध्य आणि शेवट यांचा नेमका हिशेब करावा लागला. सोलापूरच्या जाधव घराण्याने सनईहून लहान आकाराचे वाद्य मैफलीयोग्य केले. त्याला अक्कलकोटच्या फत्तेसिंह भोसले यांनी ‘सुंदरी’ हे नाव दिल्याचे सांगितले जाते. बिस्मिल्ला खाँ (1916-2006) यांनी सनईला देशभर मैफलीची प्रतिष्ठा मिळवून दिली. वाई येथे जन्मलेले व्हायोलिनवादक वि. गो. जोग यांच्याबरोबरची त्यांची जुगलबंदी अनेकांच्या स्मरणात असेल. खाँसाहेबांच्या ताफ्यात सूर धरणाऱ्या सनया आणि तालवाद्य कायम राहिले. 2001 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, तेव्हा पत्तीच्या वाद्याला देशाचा सर्वोच्च सन्मान लाभला. सूर धरणारे मात्र श्रेयनामावलीत बहुधा ‘आणि साथीदार’ या दोन शब्दांत सामावले गेले.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र 1948 मध्ये सुरू झाले. सकाळच्या सभेच्या प्रारंभी वाल्टर काउफमान यांची संकेतधून, त्यानंतर वंदे मातरम आणि त्यामागून सनईची मंगलध्वनी, हा क्रम ऐकत विदर्भातील दोन-तीन पिढ्या वाढल्या. येथे सनई प्रथमच प्रसंगापासून सुटली. लग्न नाही, देऊळ नाही, राजद्वार नाही, केवळ ऐकणे. शार्ङ्गदेवाच्या परिभाषेत बोलायचे तर रेडिओने सनईला शुष्क केले. हा शब्द येथे निंदेने वापरलेला नाही. पुढे 1970 च्या दशकाच्या अखेरीस बंगळूर येथे इलेक्ट्रॉनिक श्रुतियंत्रे तयार होऊ लागली आणि मागाहून ती सर्वत्र पसरली. आधारस्वर धरण्यासाठी माणूस लागतोच, ही अट तेव्हापासून राहिली नाही. माणूस गेला, तरी सूर राहिला.

‘खर्जाविना’ : पश्चिमेतील वाट

ओबोचे आजचे रूप सतराव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सच्या राजदरबारातील वादक-कारागिरांनी घडवले. त्याचे मूळ फ्रेंच नाव ‘ओबुआ’, म्हणजे उंच किंवा मोठ्या आवाजाचे लाकूड. ते ज्या शॉम नावाच्या वाद्यापासून निघाले, ते सनईप्रमाणेच मिरवणुकीचे, उघड्यावरचे वाद्य होते. त्याला दालनात आणण्यासाठी नळी अरुंद केली गेली, ती तीन भागांत जोडली गेली आणि पत्ती थेट ओठांत धरून आवाज मृदू करण्यात आला. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या त्रिएबेर घराण्याने चाव्यांची यंत्रणा विकसित केली. नगारखान्यातून मैफलीत येण्याचा प्रवास पाश्चात्त्य बहिणीने असा सुमारे अडीचशे वर्षे आधी सुरू केला होता.

त्या काळच्या युरोपीय संगीतात प्रत्येक धुनेखाली एक सलग मंद्र स्वरपंक्ती चालू असे. तिला ‘बासो कॉन्टिन्युओ’ म्हणत. म्हणून एकट्या वाद्यासाठी रचना करताना रचनाकार ‘एकट्यासाठी’ एवढेच म्हणून थांबत नसत, ‘खर्जाविना’ असेही लिहीत. योहान सेबास्टियन बाखच्या व्हायोलिनसाठीच्या सहा रचनांच्या 1720 च्या हस्तलिखितावर असा उल्लेख आहे. टेलेमानने 1730 च्या दशकाच्या आरंभी बासरीसाठी बारा फंटासिया लिहिल्या, त्याही खर्जाविनाच. ओबोवादक त्या आजही आपल्या वाद्यावर वाजवतात. काय काढून टाकले आहे, हे शीर्षकातच सांगण्याची ही रीत बोलकी आहे. अनुपस्थित वस्तूचे नाव घेतल्याशिवाय एकटेपणाची व्याख्या होत नाही.

काढून टाकलेला खर्ज भरून काढण्याची बाखची युक्ती अशी की एकच स्वरपंक्ती वरच्या आणि खालच्या पट्टीत आलटून पालटून उड्या घेते. कान खालचे स्वर एकमेकांना जोडतो, वरचे एकमेकांना जोडतो, आणि एका वाद्यातून दोन वाद्ये ऐकू येतात. त्याच्या बासरीच्या एकल रचनेतील पहिल्या भागात श्वास घ्यायला जागा मिळत नाही, अशी वादकांची तक्रार प्रसिद्ध आहे. व्हायोलिनचा विचार बासरीवर लादला की असे होते. सुषिरवाद्यासाठी लिहिताना रचनाकाराला फुफ्फुसाचा विचार स्वरांइतकाच करावा लागतो, हा धडा मात्र त्यातून मिळाला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर साथीविना सुषिरवाद्याच्या रचनेची परंपरा जवळजवळ खंडित झाली. वाद्यवृंद वाढला, पियानो घरोघरी आला, आणि एकट्या बासरीचे किंवा ओबोचे कोणाला फारसे आकर्षण राहिले नाही. वाद्यवृंदात ओबोला एक विशेष काम मात्र मिळाले : वादनापूर्वी सर्व वाद्ये ओबोच्या ‘ए’ स्वरावर जुळवली जातात. सनईला सूर दुसऱ्याकडून घ्यावा लागतो, आणि तिची युरोपीय बहीण शंभर वाद्यांना सूर देते! 1913 मध्ये देब्युसीने एकट्या बासरीसाठी ‘सिरिंक्स’ लिहून ती खंडित वाट पुन्हा उघडली. ही रचना एका नाटकासाठी होती आणि वादक रंगमंचाच्या आड बसून वाजवणार होता.

बेंजामिन ब्रिटनची ‘सिक्स मेटामॉर्फोसिस आफ्टर ओविड’ ही साथीविना ओबोची सर्वाधिक परिचित रचना. 14 जून 1951 रोजी ऑल्डबरा महोत्सवात, थॉर्पनेस येथील तळ्यावर उघड्या आकाशाखाली, जॉय बाउटन या ओबोवादिकेने ती प्रथम सादर केली. मिरवणुकीतून दालनात गेलेले वाद्य त्या दिवशी पुन्हा मोकळ्या हवेत आले. रोमन कवी ओविडच्या रूपांतरकथांवर आधारलेले सहा छोटे भाग तीत आहेत : पॅन, फेटन, नायोबी, बॅकस, नार्सिसस आणि अरेथ्यूसा. सहाही व्यक्तींची नावे शीर्षकात आहेत आणि प्रत्येकाखाली एका वाक्यात कथा सांगितली आहे. निर्गीतावर देवांनी घेतलेल्या आक्षेपाला ब्रिटनने दिलेले हे उत्तर मानता येईल. शब्द गायचे नाहीत, पण कथा ऐकणाऱ्याच्या मनात आधीच ठेवायची.

यातील दोन भाग रचनाविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला भाग ‘पॅन’ तालबद्ध नाही. लहान लहान स्वरवाक्ये, त्यांच्यामागे लांब विराम, पुन्हा स्वरवाक्य, अशी त्याची चाल आहे. भारतीय श्रोत्याला त्यात आलापाची ठेवण सहज ओळखता येते. या साम्यावरून ब्रिटनवर भारतीय प्रभाव होता, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. तो भारतात आला तो 1955-56 च्या आशिया दौऱ्यात, म्हणजे रचनेनंतर. साम्याचे कारण अधिक साधे आहे. ताल काढून घेतला की कोणत्याही संस्कृतीतील सुषिरवादकाला वाक्याचा शेवट श्वासानेच करावा लागतो. पाचव्या भागात नार्सिसस तळ्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहतो. एक वाक्य स्पष्ट वाजते, त्याचे उलटे प्रतिबिंब हळू आवाजात उत्तर देते. दोघांमधले अंतर कमी कमी होत जाते आणि शेवटी मूळ कोणते व प्रतिबिंब कोणते, हे वेगळे करता येत नाही. एकट्या वाद्याला सोबत देण्याचा प्रश्न येथे अतिशय काटकसरीने सुटला आहे.

यानंतर अठरा वर्षांनी, 1969 मध्ये, इटालियन रचनाकार लुचानो बेरिओने स्विस ओबोवादक हाइन्झ होलिगर यांच्यासाठी ‘सेक्वेन्झा सात’ लिहिली. तिची संहिता तेरा ओळींची, प्रत्येक ओळीत तेरा खाने, आणि खान्यांचा काळ मात्रांत नव्हे तर सेकंदांत मोजलेला. ओबो एकच ‘बी’ हा स्वर पुन्हा पुन्हा वाजवतो, पण बोटांच्या निरनिराळ्या ठेवणीने त्याचा रंग दर वेळी बदलतो. आणि या संपूर्ण काळात तोच ‘बी’ स्वर दुसऱ्या एखाद्या स्रोतातून, श्रोत्यांना न दिसेल अशा जागेवरून, अतिशय हळू आवाजात अखंड चालू ठेवावा, अशी रचनाकाराची सूचना आहे. तो यंत्राने धरला तरी चालतो, दुसऱ्या वाद्याने धरला तरी चालतो. एकट्या ओबोच्या इतिहासातील या अत्यंत अवघड रचनेत सूर धरणारा परत आला आहे, फक्त पडद्यामागे. बेरिओला तो का लागला असावा? एकाच स्वराच्या सूक्ष्म छटा ऐकू याव्यात, तर त्या कशाच्या तरी तुलनेत ऐकू याव्या लागतात. सनईच्या ताफ्यातील अनामिक वादक हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आला होता.

रागाच्या अंगाने रचना करताना

पाश्चात्त्य रचनाकारांनी सुरावाचून किंवा लपवलेल्या सुराने जे साधले, ते रागाच्या अंगाने ओबोवर साधायचे झाल्यास काही प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न विस्ताराचा. ओबोचा सर्वांत खालचा स्वर बी-फ्लॅट. ई-फ्लॅटला मध्य षड्ज मानले तर मंद्र पंचमापर्यंत उतरता येते आणि वर दोन सप्तकांपेक्षा अधिक जागा मिळते. हिशेब सोयीचा दिसतो, पण या वाद्याचे सर्वांत खालचे स्वर जड असतात आणि हळुवारपणे निघणे कठीण असते. आलापाची सुरुवात मंद्रातील विश्रांत स्वरांनी करण्याची आपली सवय येथे उपयोगी पडत नाही.

दुसरा प्रश्न श्वासाचा, आणि तो अपेक्षेच्या उलट आहे. ओबोच्या पत्तीचे तोंड इतके अरुंद असते की वादकाला हवा कमी पडत नाही, ती उरते. शिळी हवा आधी बाहेर टाकायची आणि मग ताजी आत घ्यायची, असे दोन टप्पे त्याला करावे लागतात. म्हणून दीर्घ वाक्ये लिहिता येतात, पण त्यांच्यामागचा विराम पुरेसा लांब ठेवावा लागतो. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांत स्वरविस्तार लिहिताना स्वरसमूहांमध्ये स्वल्पविराम घातलेले आहेत. पाश्चात्त्य लेखनपद्धतीतही श्वासाची खूण स्वल्पविरामासारखीच असते. दोन अगदी वेगळ्या लेखनपरंपरा एका चिन्हाशी येऊन भेटतात, आणि साथीविना ओबोच्या रचनेत तेच चिन्ह आलापाचा न्यास व वादकाचा श्वास, दोन्हींचे काम एकदम करू शकते.

तिसरा प्रश्न मींडेचा. सनईची छिद्रे उघडी असल्याने बोट हळूहळू सरकवून एका स्वरातून दुसऱ्यात जाता येते. ओबोच्या चाव्या ही सोय बहुतांशी हिरावून घेतात. कण, मुरकी, खटका हे त्यावर सहज निघतात, दीर्घ मींड निघत नाही. ओबोला सनईची नक्कल करायला लावणे हा म्हणूनच चुकीचा मार्ग आहे. त्यातून दुय्यम सनई तेवढी हाती लागते.

सर्वांत मोठा प्रश्न अर्थातच षड्जाचा. सूर धरणारा नाही, यंत्रही नाही, असे ठरवल्यावर षड्ज श्रोत्याच्या स्मरणात ठेवावा लागतो. भूपासारख्या रागात हे शक्य आहे. प्रत्येक वाक्य षड्जावर आणून सोडणे, बाखप्रमाणे मधूनमधून खालच्या षड्जाला स्पर्श करून वर जाणे, आणि त्या स्पर्शानंतर शांततेला पुरेसा अवधी देणे, हे उपाय त्यासाठी आहेत. न वाजणारा षड्ज शांततेत टिकतो, पण फार काळ नाही. गंधारावर वादक अधिक रेंगाळला की श्रोत्याच्या कानात मालकंस डोकावू लागतो. रागाच्या बढतीत रेंगाळणे हाच तर मुख्य व्यापार. म्हणजे साथीविना रागरचना करणाऱ्याला किती वेळ रेंगाळायचे आणि केव्हा घरी परतायचे, याचा हिशेब मैफलीतील वादकापेक्षा कितीतरी काटेकोरपणे करावा लागेल. मैफलीत हा हिशेब सूर धरणारा सांभाळतो.

मारव्यात अडचण टोकाला जाते. मारव्याचे सारे सौंदर्य षड्ज टाळण्यात आहे. कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत यांच्यावर वादक पुन्हा पुन्हा थांबतो, षड्जाला वळसे घालतो, आणि मागे तंबोऱ्यात किंवा सुराच्या सनईत तो षड्ज अखंड वाजत असल्यामुळे त्या टाळण्याला व्याकुळतेचा अर्थ येतो. सूर काढून घेतला तर धैवतच षड्ज वाटू लागतो आणि व्याकुळतेचे कारणच नाहीसे होते. साथीविना ओबोसाठी मारवा लिहायला बसणाऱ्या रचनाकाराला पहिल्या ओळीतच ठरवावे लागेल की ज्या स्वरावर उभे राहायचे नाही, तो स्वर श्रोत्याच्या कानात कोणी आणि कसा ठेवायचा.